तुझ्या ताटात काय होते?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तू, मूल व्हावे म्हणून सूनबाईने धरलेल्या पथ्याची यादी वाचून दाखवलीस आणि मागाहून तिचा फोटोही पाठवलास. ती यादी मी चष्मा लावून दोनदा वाचली. गहू बंद, भात बंद, दूध बंद, साखर बंद, केळी बंद, बटाटा बंद, अशा एकवीस पदार्थांवर काट मारलेली आहे आणि जे उरले आहे त्यावर माणूस कसाबसा दिवस काढू शकेल. यादी कुणी दिली हे तू सांगितले नाहीस आणि मीही विचारत नाही. तू मोठ्या कौतुकाने म्हणालास, "बाबा, ती फार काटेकोर पाळतेय. माझं जेवण झाल्यावर स्वतःचं वेगळं करून जेवते." तेव्हा मी विचारले की त्या रात्री तुझ्या ताटात काय होते. तू हसलास आणि विषय बदललास. त्या हसण्यामुळेच आज लिहायला बसलो आहे. काही गोष्टी बापाने मुलाशी समोरासमोर बोलण्यापेक्षा कागदावर मांडलेल्या दोघांनाही सोप्या जातात.

तू आमच्या लग्नानंतर सहाव्या वर्षी झालास हे तुला ठाऊक आहे, पण मधली वर्षे कशी गेली हे आम्ही कधी बोललो नाही. त्या काळात तुझ्या आईला भेटणारा प्रत्येक जण तिला काहीतरी खायला किंवा काहीतरी सोडायला सांगे, आणि ती ते निमूटपणे करी. तिने एक दोनशे पानी वही घातली होती. डाव्या पानावर त्या दिवशी काय खाल्ले ते लिहायचे आणि उजव्या पानावर काय वर्ज्य केले ते. पाळी आली की ती त्या तारखेभोवती लाल पेन्सिलीने गोल करी आणि मागच्या पंधरा दिवसांची डावी पाने पुन्हा वाचून काढी, कुठे चुकले असेल ते शोधण्यासाठी. मी समोर बसून पोटभर जेवत असे आणि हात धुऊन आलो की तंबाखूची डबी उघडत असे. तिच्या ताटात काय कमी झाले आहे याची मला रोज खबर होती, पण माझ्या ताटाकडे पाहावे असे मला एकदाही वाटले नाही.

आणि हे कुणाला, तर माझ्यासारख्याला! प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर दर आठवड्याला वीर्याचे पाच-सहा नमुने येत असत. मोजणीच्या काचेवर थेंब सोडायचा, सूक्ष्मदर्शकाखाली चौकोनागणिक शुक्रजंतू मोजायचे, किती सरळ पुढे धावतात, किती जागच्या जागी वळवळतात आणि किती हलतच नाहीत हे टिपायचे, हे माझे रोजचे काम होते. बाहेर बाकावर मान खाली घालून बसलेल्या नवऱ्यांना मीच धीर देत असे की या तपासणीत कमीपणा काही नाही. स्वतःचा नमुना मात्र मी साडेतीन वर्षे दिला नाही. शेवटी एका डॉक्टरबाईंनी तुझ्या आईला सांगितले की पुढच्या खेपेस नवऱ्याचा अहवाल आणला नाही तर येण्याचे कष्ट घेऊ नका. त्या काळी एका मिलिलिटरमध्ये २ कोटी शुक्रजंतू ही खालची मर्यादा धरत असत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत ती १ कोटी ६० लाख आहे. माझा आकडा ९० लाख आला. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने तो दोनदा मोजला आणि कागद माझ्या हातात देताना माझ्याकडे पाहिले नाही. घरी आलो तेव्हा तुझी आई वही उघडून बसली होती.

हे तुला भीती घालण्यासाठी लिहीत नाही. तुझा अहवाल उत्तम येईलही. परंतु ज्या जोडप्यांना मूल होण्यात अडचण येते त्यांतल्या सुमारे निम्म्यांमध्ये पुरुषाकडचे कारण एकटे किंवा स्त्रीकडच्या कारणाच्या जोडीने सापडते, हे ठाऊक असतानाही पथ्याची यादी घरात येते ती नेहमी एकाच नावाने. म्हणून माझे पहिले सांगणे तुझ्यापासून सुरू होते. वृषणात एक शुक्रजंतू घडायला साधारण ७४ दिवस लागतात आणि बाहेर पडण्याइतका तो तयार व्हायला आणखी दोनेक आठवडे जातात. म्हणजे आज तू जे खातोस, पितोस आणि ओढतोस त्याचा परिणाम तीन महिन्यांनी दिसणार, आणि मागच्या महिन्यात आलेल्या तापाचा परिणामही अजून पुरता ओसरलेला नसणार. कुठलाही बदल आठ दिवसांत तपासायला जाण्यात अर्थ नाही. तीन महिने नीट वागायचे आणि मग काय ते बघायचे, हा हिशेब लक्षात ठेव.

तू तंबाखूला शिवत नाहीस हे माझे भाग्य, पण मित्रांबरोबर अधूनमधून सिगारेट होते हे मला माहीत आहे; ती सोड. दारूही या काळात नकोच. तिने गर्भाच्या शक्यतेमुळे सोडायची आणि तू सोबतीमुळे, एवढे कारण पुरे. तिसरी गोष्ट तुझ्या व्यायामशाळेची. तिथे शरीर भरण्यासाठी जी इंजेक्शने आणि गोळ्या सुचवल्या जातात त्यांत बरेचदा टेस्टोस्टेरॉन किंवा त्याच्याच जातीचे द्रव्य असते. पुरुषत्वाचे संप्रेरक म्हटल्यावर ते बीजाला उपकारक असेल असे भल्याभल्यांना वाटते, आणि घडते नेमके उलट. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी वृषणांना काम करण्याचा संदेश पाठवणे थांबवते, शुक्रजंतूंचा कारखाना बंद पडतो आणि आकडा शून्यावरही जाऊ शकतो. तो पुन्हा सुरू व्हायला कित्येक महिने जातात. भरदार दंडांच्या तरुणांचे रिकामे नमुने मी स्वतः काचेखाली पाहिले आहेत. तसले काही घेत असशील तर आजच्या आज बंद कर आणि डॉक्टरांपासून लपवू नकोस. पूड विकत घेऊन खाण्याऐवजी प्रथिने डाळीतून, अंड्यांतून, दुधातून मिळव.

पुरुषांसाठी म्हणून जस्त आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांचे डबे विकले जातात, त्यांच्याबद्दलही तू विचारले होतेस. या प्रश्नावर अमेरिकेत २३७० जोडप्यांवर एक मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या पुरुषांना सहा महिने रोज त्या गोळ्या आणि निम्म्यांना दिसायला तशाच पण निरुपद्रवी गोळ्या दिल्या. वीर्याच्या गुणवत्तेत फरक पडला नाही, जन्मलेल्या बाळांच्या प्रमाणातही पडला नाही. फरक पडला तो पोटात. खऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना मळमळ आणि पोटदुखी जास्त झाली. तेव्हा डब्यावर खर्च करू नकोस. भाज्या, फळे, डाळी, कडधान्ये, सुकामेवा, अंडी किंवा मासे हे सगळे तुझ्या ताटात नेमाने आले आणि तळलेले, गोड पेयांचे व पाकीटबंद खाणे उतरले, तर त्याहून वेगळे असे पुरुषाचे खास खाणे नाही. पोटाचा घेर मात्र कमी कर. साठलेल्या चरबीमुळे संप्रेरकांचा तोल बिघडतो आणि त्याचा ताण शुक्रजंतूंवर येतो.

आता सूनबाईच्या यादीकडे वळतो. मागच्या भेटीत ती मला आधीपेक्षा उतरलेली दिसली, आणि तू सांगतोस की तिने तीन महिन्यांत सात किलो वजन कमी केले. तिचे वजन मुळात जास्त नव्हते. स्त्रीचे शरीर दर महिन्याला जणू एक हिशेब मांडते की पुढचे नऊ महिने एका जिवाला पोसण्याइतका साठा घरात आहे की नाही. खाणे फार घटले, चरबी फार उतरली की मेंदूतले केंद्र अंडाशयांना जाणारे संदेश मंद करते. मग बीज सुटणे अनियमित होते, पाळी लांबते आणि प्रसंगी थांबते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे नेदरलँड्सच्या पश्चिम भागात मोठी उपासमार झाली. तेव्हा असंख्य स्त्रियांची पाळी थांबली, त्यानंतर नऊ महिन्यांनी जन्मांची संख्या झपाट्याने घसरली आणि अन्न परत आल्यावर ती पुन्हा सावरली. ती सक्तीची उपासमार होती आणि ही स्वखुशीची आहे, पण शरीराला त्यातला फरक कळत नाही. बीज चांगले व्हावे म्हणून केलेल्या उपवासानेच बीज सुटायचे थांबावे, याला काय म्हणावे?

याचा अर्थ वजनाकडे पाहूच नये असा नाही. वजन खरोखरच जास्त असेल, पाळी पस्तीस दिवसांच्या पुढे लांबत असेल, चेहऱ्यावर केस वाढत असतील, तर डॉक्टर पीसीओएस या, संप्रेरकांचा तोल बिघडून अंडाशयांचे काम अडणाऱ्या विकाराची शक्यता तपासतात. त्या स्थितीत रक्तातले इन्सुलिन वाढलेले असते आणि ते अंडाशयांना पुरुषी संप्रेरके जास्त करायला लावते. अशा स्त्रियांनी वजन अवघे पाच ते दहा टक्के उतरवले तरी अनेकींचे बीज पुन्हा नियमित सुटू लागते. ज्या यादीत साखर आणि भात बंद आहे ती बहुधा अशाच कुणासाठी केलेली असावी आणि हातोहात फिरत सूनबाईपर्यंत आली असावी. तिची पाळी अठ्ठाविसाव्या-एकोणतिसाव्या दिवशी येते असे तुझी आई म्हणते. दुसऱ्याच्या चष्म्याने आपल्याला दिसत नाही, तसे दुसऱ्याच्या पथ्याने आपले भागत नाही. गव्हाचेही तसेच. गव्हातल्या ग्लूटेनने ज्यांच्या आतड्यांना इजा होते त्यांना तो वर्ज्य करावाच लागतो, आणि तो आजार रक्ततपासणीत कळतो. बाकीच्यांनी गहू सोडून गर्भधारणा सोपी होते याला आधार नाही.

दुधावरची काट पाहून तर मला हसू आले. अमेरिकेत सतरा हजारांहून अधिक परिचारिकांच्या खाण्याची कित्येक वर्षे नोंद ठेवून २००७ मध्ये काही निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बीज न सुटल्यामुळे येणारे वंध्यत्व कुणात कमी आढळले, हा प्रश्न होता. ज्यांच्या आहारात वनस्पतिजन्य प्रथिने जास्त आणि कृत्रिमरीत्या घट्ट केलेल्या तेलांतली ट्रान्स फॅट कमी होती त्यांच्यात ते कमी आढळले. एवढेच नव्हे, रोज साईसकट दूध घेणाऱ्यांतही ते कमी होते आणि साय काढलेले दूध पिणाऱ्यांत जास्त. ही निरीक्षणे आहेत, त्यांवरून कार्यकारण सिद्ध होत नाही, म्हणून मी तुला वाटीभर साय खायला सांगणार नाही. पण दूध सोडल्याने मूल होते असे म्हणणाऱ्याने आधार कुठून आणला हे मला खरोखर जाणून घ्यायला आवडेल. एखाद्या फळाने गर्भ राहतो, एखाद्या बीने गर्भाशय बळकट होते, असली वाक्ये तू यापुढे ऐकशील तेव्हा ऐकून घे आणि सोडून दे.

एका गोष्टीचा मात्र मी आग्रह धरणार आहे, आणि ती एकवीस पदार्थांच्या त्या यादीत कुठेच नाही. सूनबाईने रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी आजपासून सुरू करावी. गर्भाच्या पाठीच्या कण्याची आणि मेंदूची नळी गर्भधारणेनंतर सुमारे अठ्ठाविसाव्या दिवशीच मिटते. म्हणजे पाळी चुकून दोन आठवडे झालेले असतात, कित्येकींना अजून खात्रीही नसते, आणि तेवढ्यात ते काम संपलेलेही असते. ती नळी नीट मिटली नाही तर बाळाच्या कण्यात किंवा मेंदूत गंभीर दोष राहतो. म्हणून गोळी गर्भ राहण्याआधी निदान एक महिना सुरू झालेली हवी, दोन-तीन महिने मिळाले तर अधिक बरे, आणि ती गर्भारपणाचे पहिले बारा आठवडे चालू ठेवायची. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सात देशांत घेतलेल्या चाचणीचा निकाल १९९१ मध्ये आला. आधी असा दोष असलेले बाळ झालेल्या स्त्रियांना मोठ्या मात्रेत फॉलिक ॲसिड दिले, तेव्हा तो दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झाले. परिणाम इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीपूर्वीच थांबवली गेली. पूर्वी असे बाळ झालेले असेल, मधुमेह असेल किंवा अपस्माराची औषधे चालू असतील तर मात्रा दसपट लागू शकते. ती डॉक्टरांनीच ठरवायची.

जाता जाता सांगतो, या जीवनसत्त्वाची कहाणी मला नोकरीत असल्यापासून आवडते. ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आल्या आणि कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणाऱ्या एका विचित्र रक्तक्षयाचा अभ्यास करू लागल्या. लोह देऊन तो बरा होईना, पण यीस्टचा अर्क दिला की बाया सुधारत. त्या अर्कात नेमके काय आहे हे कळायला आणखी दहा वर्षे गेली. १९४१ मध्ये ते द्रव्य पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड हे नाव पडले. तेव्हा पालेभाज्या, डाळी, हरभरे भरपूर खाच. पण अन्नातले हे जीवनसत्त्व शिजवताना बरेच नष्ट होते आणि गोळीतल्याइतके शोषलेही जात नाही, म्हणून भाजी खाल्ली तरी गोळी चुकवायची नाही.

याच्या जोडीला एकदा रक्त तपासून घ्या. तिचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर लोह आत्ताच भरून काढलेले बरे, कारण गर्भारपणात ते भरून काढणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरण्यासारखे होते. डाळी-भाज्यांतले लोह अंगी लागावे म्हणून जेवणात लिंबू किंवा आंबट फळ असू द्या, आणि जेवणाला लागून चहा घेण्याची जी तुम्हा दोघांची सवय आहे ती मोडा. चहातली द्रव्ये लोह अडवून धरतात. तासाभराचे अंतर ठेवले तरी पुष्कळ. सूनबाई मांस-मासे खात नाही आणि आता दूधही बंद, म्हणून तिचे बी-१२ जरूर पाहा. ते प्राणिज अन्नाखेरीज मिळत नाही, आणि त्याची उणीव असताना नुसते फॉलिक ॲसिड घेत राहिले तर रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते. थायरॉइड आणि साखरही त्याच वेळी तपासा. मीठ साधे आयोडीनयुक्तच वापरा. गुलाबी, काळे अशी जी मिठे आरोग्याच्या नावाखाली खपवली जातात त्यांत आयोडीनचा भरवसा नसतो, आणि बाळाच्या मेंदूला त्याची गरज सुरुवातीपासून असते.

वर्ज्य करण्याच्या गोष्टी खरे तर थोड्याच आहेत. कॉफी-चहातले कॅफिन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावे, म्हणजे मोठे दोन कप चहा किंवा तेवढीच झटपट कॉफी. चार-पाच कपांची सवय असेल तर ती एकदम तोडू नये, डोके दुखते. कच्चे मांस, अर्धकच्ची अंडी, न तापवलेले दूध टाळावे. तू मासे आणतोस तेव्हा शार्क, तलवारमासा असे मोठे शिकारी मासे नकोत, त्यांच्यात पारा साठलेला असतो. लहान मासे खुशाल खा. यकृत आणि माशांच्या यकृताचे तेल यांत जीवनसत्त्व अ इतके असते की गर्भाला अपाय होऊ शकतो. तिला तो प्रश्न नाही, पण ताकदीच्या म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांवरची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय त्या घरात आणू नका.

आता सवयींबद्दल थोडे, कारण मला सगळ्यात जास्त काळजी तीच वाटते. ती तुझ्यानंतर वेगळे जेवते हे आधी बंद व्हावे. एका घरात दोन स्वयंपाक फार दिवस चालत नाहीत. करणारी दमते आणि मग स्वतःचाच घास टाळते. जे तिने खावे ते तूही खाल्लेस तर वेगळे काही करावेच लागणार नाही. पांढरा भात बंद करण्यापेक्षा भाताशेजारची डाळ आणि भाजी दुप्पट करा, म्हणजे भात आपोआप कमी होतो. सगळे सोमवारपासून बदलायला जाऊ नका. पहिल्या आठवड्यात फक्त रात्रीच्या जेवणाची वेळ अलीकडे घ्या, त्यानंतर गोड पेये घरात आणणे थांबवा, मग दुपारच्या डब्याकडे पाहा. आणि हो, भाजी तू निवड. तुझ्या आईच्या वहीची साडेतीन वर्षे मी एकदाही मेथी निवडली नव्हती, ते पहिल्यांदा केले तेव्हा काड्यांसकट टाकली आणि ती हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसले होते. कुणाकडे जेवायला गेलात आणि ताटात गोड आले तर तिला खाऊ दे. एका घासाने बीज बिघडत नाही. कुणी चारचौघांत तिला पथ्याबद्दल विचारले तर उत्तर तू द्यायचे, आणि ते एवढेच की आम्ही दोघे डॉक्टरांच्या सल्ल्याने चाललो आहोत.

महिना सरून पाळी येईल तेव्हा काय करायचे, हेही आत्ताच ठरवून ठेवा. बीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि सुटण्याचा दिवस, असे महिन्यातले साधारण सहाच दिवस उपयोगाचे असतात. तरुण आणि निरोगी जोडप्यातही एका महिन्यात गर्भ राहण्याची शक्यता चारात एकाच्या आसपासच असते. म्हणजे सगळे बरोबर करूनही बहुतेक महिने रिकामे जाणार आणि त्याचा मागच्या आठवड्यातल्या खाण्याशी काही संबंध नसणार. वर्षभरात शंभरातली चौऱ्याऐंशी-पंचाऐंशी जोडपी यशस्वी होतात. वर्ष उलटूनही काही झाले नाही तर तज्ज्ञाकडे जायचे. बायकोचे वय पस्तीसच्या वर असेल तर सहा महिन्यांतच जायचे, आणि पाळी अनियमित असेल तर थांबायचेच नाही. तुम्हाला सात महिने झाले आहेत आणि ती एकतीस वर्षांची आहे, तेव्हा घाबरण्याची वेळ आलेली नाही. तरी तू तुझी तपासणी याच महिन्यात करून घे. नमुन्याआधी दोन ते सात दिवस संयम पाळायचा आणि नमुना तासाभरात प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. पहिला आकडा कमी आला तर त्यावर काही ठरवायचे नाही, काही आठवड्यांनी पुन्हा द्यायचा, कारण एकाच माणसाचा आकडा नमुन्यागणिक बराच खालीवर होतो.

माझे पुढे काय झाले ते राहिलेच. तंबाखू सुटली, नऊ किलो वजन उतरले आणि चार महिन्यांनी आकडा १ कोटी ७० लाखांवर गेला; तेव्हाच्या मर्यादेपेक्षा तो अजूनही कमीच होता. त्यानंतर सात-आठ महिन्यांनी तुझी चाहूल लागली. तंबाखू सोडली म्हणून तू झालास असे मी म्हणणार नाही. एवढी वर्षे नमुने मोजल्यावर माणूस अशी विधाने करत नाही. वही अजून आहे. काल मी ती कपाटातून काढली. अहवाल आला त्या दिवसानंतर तिच्या डाव्या पानांवर काय खाल्ले ते लिहिलेले नाही. पुढे दोन पाने कोरी आहेत आणि मग बाजाराच्या याद्या सुरू होतात, त्यांतली पहिली माझ्या अक्षरात आहे आणि तिच्यात मेथी दोन जुड्या असे लिहिले आहे.

ही वही सूनबाईला दाखवू का, असे मी तुझ्या आईला विचारले. ती म्हणाली, दाखवू नका, रविवारी दोघांना जेवायला बोलवा आणि तिला काय खावेसे वाटते ते आधी विचारून घ्या. तर ते विचारून मला शनिवारपर्यंत कळव.

तुझे,
बाबा